बॉन्डवरची थंडरबर्ड

पत्र असं आहे:

‘काका, नमस्कार. मी पाथरी तालुक्यातला, वय 27. परभणीत खताच्या एजन्सीत हिशेबाचं काम करतो, रोज जाऊन-येऊन 90 किलोमीटर पडतं. शाळेपासून क्रूझर गाडीचं वेड आहे. मित्राच्या ओळखीनं पुण्यात 2016 ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350 मोटारसायकल मिळायलीय. 31 हजार किलोमीटर चाललेली. 85 हजार म्हणतो, 80 ला देईल. वेगळा सायलेन्सर बसवलेला आहे, आवाज लई भारी. आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे, पण विकणारा म्हणतो टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करायच्या कागदांवर, त्याच्या सह्या घेऊन ठेवल्यात, मी बॉन्ड करून देतो, तू सावकाश नावावर करून घे. आमचे अण्णा म्हणायलेत, एवढ्या पैशात नवीकोरी शाईन येती, ते धूड कशाला? माझी उंची 5 फूट 4 इंच. दिवाळीनंतर लग्न आहे. शनिवारी गाडी पाहायला जायचंय, पण तो म्हणतो आधी 5 हजार टोकन पाठव, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. घ्यावी का? काय तपासू? आणि अण्णांना काय सांगू?’

टोकन पाठवू नकोस. बाकीचं सावकाश वाच, पण हे आत्ताच सांगून ठेवतो. ‘दुसरं गिऱ्हाईक’ हे जुन्या गाड्यांच्या बाजारातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे, आणि माझ्या तीस वर्षांत ते मला एकदाही समोर दिसलेलं नाही.

सायलेन्सरच्या आवाजाबद्दल तू कौतुकानं लिहिलंस आणि खरी अडचण मध्येच एका वाक्यात उरकलीस. आरसी पहिल्या मालकाच्या नावावर आहे. म्हणजे तुला गाडी विकणारा तिचा मालकच नाही. पहिल्यानं याला दिली असेल, किंवा मधे आणखी एखादा असेल, पण सरकारदरबारी गाडी अजून पहिल्याच्याच दारात उभी आहे. बॉन्ड कितीही रुपयांच्या स्टॅम्पवर कर आणि त्यावर नोटरीचे कितीही गोल शिक्के मारून घे, त्यानं गाडी तुझी होत नाही. ती होते आरटीओत, फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरून. 29 म्हणजे विकणाऱ्यानं ‘मी गाडी दिली’ असं कळवणं, आणि 30 म्हणजे ती तुझ्या नावावर करण्याचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला त्यासाठी 14 दिवस असतात, घेणाऱ्याला 30. ‘सावकाश’ हा शब्द त्यात कुठं बसत नाही.

आणि त्या करून ठेवलेल्या सह्या? आता हे काम ऑनलाइन पोर्टलवरून सुरू होतं आणि ओटीपी जातो आरसीवरच्या माणसाच्या मोबाइलवर. तो माणूस बंगळुरूला नोकरीला गेला असला, नंबर बदलला असला, किंवा नुसता ‘मला आता त्या भानगडीत पडायचं नाही’ म्हणाला, की तुझे 80 हजार अंगणात ताडपत्रीखाली.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. 2012 साली जालन्याच्या एका माणसाकडून मी बजाजची जुनी ॲव्हेंजर घेतली होती. एसटीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात हयात गेलेली, त्यामुळं गाडी अशी पारखून घेतली की पुढची पाच वर्षं इंजिनाला पाना लावावा लागला नाही. आरसी मात्र पाहिली झेरॉक्सवर, आणि त्या झेरॉक्समध्ये पाठची बाजू आलीच नव्हती. चार महिन्यांनी, आषाढातल्या भरदुपारी, दोन पोरं दारात. ‘काका, ही गाडी कर्जाची आहे. सात हप्ते थकलेत.’ पाठच्या बाजूला फायनान्स कंपनीचा बोजा चढवलेला होता. बायको उंबऱ्यात उभी, शेजारी गच्चीवर जमलेले. गाडी राखायला त्या दिवशी साडेअकरा हजार भरले, आणि बोजा उतरवायला, म्हणजे कंपनीचं ना-हरकत आणि फॉर्म 35 मिळवायला, आणखी दोन महिने चपला झिजवल्या. विकणाऱ्याचा फोन लागला नाही तो आजतागायत.

म्हणून आज रात्रीच मोबाइलवर एमपरिवहन ॲप उघड आणि गाडीचा नंबर टाक. बोजा आहे का, विमा कधी संपला, पीयूसी आहे का, नोंदणी कुठवर आहे, सगळं दिसतं. 2016 ची गाडी म्हणजे 15 वर्षं 2031 ला भरतील. त्यानंतर पुन्हा पासिंग आणि वर पर्यावरण कर. थकलेले ई-चलान वेगळे पाहायचे. पुण्यात सिग्नलला कॅमेरे आहेत आणि दंड माणसाला नाही, गाडीच्या नंबरला चिकटतो. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असल्यामुळं उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. ती बसवलेली नसली तर दुचाकीला 450 रुपये आणि जीएसटी, फार नाही, पण ती कुणी बसवायची हे आधी बोलून घे. विमा 14 दिवसांत नावावर करायला टाक. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, तो त्याचा त्याच्याकडंच राहतो. नुसता थर्ड पार्टी घ्यायचा म्हटलं तर 150 ते 350 सीसीला वर्षाला 1,366 रुपये आणि जीएसटी. थंडरबर्ड 346 सीसीची, त्यामुळं ती यात बसते. तिचीच 500 घेतली असतीस तर तोच आकडा 2,804 झाला असता.

आता त्या पहिल्या मालकाला कसं आणायचं? तुझ्या फायद्याचं सांगून तो येणार नाही, त्याच्या धोक्याचं सांग. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं की गाडी पुढं कितीही हातांतून गेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या खटल्यात पहिल्या मालकानं गाडी विकून टाकलेली होती आणि तरीही सुटका झाली नाही. ‘दादा, उद्या या गाडीखाली कुणी आलं तर नोटीस तुमच्या घरी येईल,’ एवढंच शांतपणे म्हण. बहुतेक लोक त्याच आठवड्यात वेळ काढतात. आणि पैसे दे ते आरसीवरच्या नावाच्या बँक खात्यात. मधल्याचं आणि त्याचं काय ते त्यांनी आपसात बघावं.

जाता जाता, तुला उद्या कुणीतरी हैदराबादची स्वस्त गाडी दाखवेल. आपल्याकडं नांदेड, उदगीरमार्गे अशा बऱ्याच येतात. त्या राज्याचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म 28, हातात असल्याशिवाय आणि महाराष्ट्राचा कर हिशेबात धरल्याशिवाय तिच्याकडं पाहूसुद्धा नकोस. बारा महिन्यांच्या वर परराज्याच्या नंबरवर इथं गाडी ठेवता येत नाही. पुण्याच्या गाडीला ही कटकट नाही, एमएच-12 हाच नंबर राहतो.

अण्णांकडं येऊ. तुझे अण्णा चुकत नाहीत, हे तुला आवडणार नाही तरी लिहितो. रोज 90 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 2,250 किलोमीटर. थंडरबर्ड नीट चालवली तर लिटरला 35 देईल. महिन्याला 64 लिटर, 105 रुपयांनी धरले तर पावणेसात हजारांच्या आसपास. शाईनसारखी गाडी 60 देते, तिला 37-38 लिटर, चार हजारांच्या आत. फरक जवळपास 2,800 रुपये, दर महिन्याला. आपल्या परभणीला पेट्रोल येतं मनमाडजवळच्या डेपोतून, एवढ्या लांबून, त्यामुळं ते इथं स्वस्त होईल अशी आशा धरून गाडी घेऊ नये. वर वर्षाला 27 हजार किलोमीटर म्हणजे टायर, चेन, ऑइल सगळं दुपटीनं. लग्न तोंडावर आहे, हे मी आठवण करून द्यायला नको.

तरी मी ‘घेऊ नकोस’ म्हणत नाही. वेड असलं की माणूस नाही म्हटल्यानं थांबत नाही, लपून घेतो, आणि लपून घेतलेल्या गाडीची पारख कुणी नीट करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की रोजच्या कामाला दुसरी गाडी असू दे. अण्णांची आहे ती, किंवा मानवत रोडहून रेल्वेचा पास. क्रूझर असू दे रविवारची, सासरवाडीची, माळेगावच्या जत्रेची. तसं जमत असेल तर घे, जमत नसेल तर दोन वर्षं थांब. क्रूझर पळून जात नाही. थंडरबर्ड तर 2020 साली बंदच झाली, आता ती आणखी कुठं जाणार?

बंद झाली म्हणून घाबरू नकोस. तिचं इंजिन त्याच काळातल्या क्लासिक 350 चं, सामान मिळत राहतं. पण दोन गोष्टी तुझ्या रस्त्यासाठी बघ. 2016 च्या या गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, नाही. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं 1 एप्रिल 2019 पासून. पाथरीपासून परभणीपर्यंत जायकवाडीच्या कालव्याचा पट्टा, हंगामात उसाच्या ट्रॉल्या. चाकाला लागून आलेला काळ्या मातीचा चिखल डांबरावर पडतो, त्यावर पहाटेचं दव. अशा ठिकाणी मागचा ब्रेक घाबरून दाबला की काय होतं ते तुला सांगायला नको. आणि रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा खड्डा. दुसरं, या गाडीला तारांचं चाक आणि आत ट्यूब. पंक्चर झाली की पावणेदोनशे किलोच्या वरचं धूड ढकलत न्यायचं. तुझ्या उंचीची चिंता नको, सीट खाली आहे, पाय टेकतील. वजनाची चिंता कर. बघायला जाशील तेव्हा बंद गाडी बसल्या बसल्या पायानं चढावर मागं घेऊन बघ. घरापुढच्या बोळात रोज तेच करायचंय.

आता गाडी कशी पाहायची. मेकॅनिक सोबत ने, पण त्याच्याआधी तू स्वतः एक काम कर: पोचलास की नमस्कार-चमत्काराच्या आधी तळहात इंजिनावर ठेव. गरम लागलं तर समज, तुला दाखवायच्या आधी कुणीतरी तिला जागी केलंय. तापलेलं इंजिन सगळे दुर्गुण झाकतं. तसं असेल तर चहा पी, गप्पा मार, दोन तास थांब. थंड असेल तर सेल्फ त्याला मारू देऊ नकोस, तू स्वतः दाब. या इंजिनाचा एक ठरलेला आजार आहे: बटण दाबल्यावर आतून ‘खर्रर्र’ असा दात घासल्याचा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. तो सेल्फचा स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची ताकद इंजिनाला देणारा भाग. कमजोर बॅटरीवर पुन्हा पुन्हा सेल्फ मारून तो जातो. विकणारा म्हणेल, ‘बॅटरी डाउन आहे, किक मार.’ तू किक मार, पण किंमत त्या आवाजावर ठरव. चालू झाल्यावर पहिले काही सेकंद वरून टकटक आली तर घाबरू नकोस, त्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑइल वर चढेपर्यंत वाजतात. मिनिटभरानंतरही वाजत राहिली तर मात्र कान टवकार.

धूर पाहा. सकाळच्या गारव्यात पांढुरकी वाफ निघते, ती सोड. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, तर बोअर-पिस्टनचं काम आहे. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरव (गार असताना, नाहीतर मला शिव्या देशील). कोरडी काजळी चालेल, ओली चिकट नको. इंजिनाच्या उजव्या बाजूला ऑइल पाहायची छोटी काच असते, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून बघ. ऑइल काळं असलं तरी हरकत नाही. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय.

आणि तो लई भारी आवाज. थंडरबर्ड 350 कार्ब्युरेटरवर चालते, मोकळा सायलेन्सर बसवून कार्ब्युरेटर नीट बसवला नाही की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटतात. पोरांना वाटतं तेच भारी. शिवाय असे सायलेन्सर पोलीस काढून घेतात आणि रोडरोलरखाली घालतात, परभणीत काय आणि पुण्यात काय. मूळ सायलेन्सर आहे का विचार. ‘घरी पडलाय’ म्हणाला तर आधी आणून दाखव म्हण. नसेल तर नव्याचे पैसे किमतीतून वजा.

31 हजार किलोमीटर खरे का, हे मीटरला विचारून उपयोग नाही. टायरला विचार. टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात, 3516 असेल तर 2016 सालचा 35 वा आठवडा. 2016 चेच टायर, तेही अजून बऱ्यापैकी नक्षी असलेले, तर गाडी खरंच कमी चालली असेल, पण रबर इतकं जुनं झालंय की टायर तरी बदलावेच लागतील. मागचा टायर 2022 चा आणि तोही गुळगुळीत झालेला, तर 31 हजारांवर विश्वास ठेवायला जड जातं. ब्रेकच्या पायडलचं रबर, मुठी, फूटरेस्टची झीज, यांना मीटर मागं घेता येत नाही.

वाकलेली गाडी ओळखायला मी खिशात सुतळी ठेवायचो. मेन स्टँडवर गाडी, हँडल सरळ, आणि मागच्या चाकाला टेकवून सुतळी दोन्ही बाजूंनी पुढं ताणायची. पुढचं चाक मागच्यापेक्षा बारीक असतं, म्हणून सुतळी आणि पुढच्या चाकात फट राहणारच. ती दोन्हीकडं सारखी असली पाहिजे. एकीकडं बोटभर आणि दुसरीकडं चिकटलेली, तर चेसी किंवा फोर्कनं कधीतरी मार खाल्लाय. लेगगार्ड नवा चकचकीत आणि बाकी गाडी मळकी असेल तर तेच. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरव. सरळ रेषेत आल्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. फोर्कच्या नळ्या फडक्यानं पुस, पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा दाब. नळीवर तेलाचं कडं उमटलं तर सील गेलेत. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटांनी मागं ओढ, दात अर्धा दिसला तर चेन किट आलंच. मोबाइल खाली घालून पोटाचा फोटो काढ, गावोगावच्या स्पीडब्रेकरांनी काय काय खरवडलंय ते दिसेल. चेसी नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. आरसीशी आकडा आकडा जुळव, आणि एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या हाताचा वाटला तर तिथूनच मागं फीर.

किमतीचं म्हणशील तर 80 हजार महाग की स्वस्त हे गाडी न बघता सांगणं म्हणजे ज्योतिष. त्याच सालच्या पाच-सहा गाड्यांच्या किमती काढ आणि मधली धर. त्यातून टायर, चेन किट, बॅटरी, क्लच प्लेट यांतलं जे जे लागणार ते वजा कर. आणि काहीही झालं तरी 15 हजार बाजूला ठेव. पहिल्या तीन महिन्यांत ते जातात.

मी तुझ्या जागी असतो तर मात्र 2019 ची ॲव्हेंजर 220 शोधली असती, एमएच-22 किंवा एमएच-20 ची, पहिल्याच मालकाकडची, जशी शोरूममधून आली तशीच असलेली. वजन 163 किलो, सीट 737 मिलिमीटरवर, पुढच्या चाकाला एबीएस, आणि अजून कार्ब्युरेटर, त्यामुळं सेलूचा असो की जिंतूरचा, कोणताही मिस्त्री ती खोलून बसवेल. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे; आपल्याकडच्या मिस्त्र्यांचे हात याच गाड्यांवर बसलेत. तिला थंडरबर्डचा रुबाब नाही, हे कबूल. पण रुबाब पाथरीत संपतो आणि पंक्चर मानवतच्या पुढं होतं.

अण्णांना काय सांगू म्हणतोस. काही सांगू नकोस. परभणीतल्या एखाद्या मित्राची क्रूझर रविवारी मागून आण आणि त्यांना मागं बसवून मानवतपर्यंत ने. या गाड्यांत चालवणारा आरामखुर्चीत आणि मागचा पाटावर, असा प्रकार असतो. अण्णा उतरून कंबर धरून काय म्हणतात ते ऐक, कारण दिवाळीनंतर त्या जागेवर साडी नेसलेलं माणूस बसणार आहे. साडी गार्ड आणि मागच्या पायाची पट्टी आहे का हेही तेव्हाच बघून ठेव. पुण्याच्या पोरांनी ती पहिल्याच दिवशी काढून फेकलेली असते.

शनिवारचं असं कर. आरसीवरच्या माणसाशी आधी स्वतः फोनवर बोल. तो ओळखपत्र घेऊन समोर येतो म्हणाला तरच रेल्वेचं तिकीट काढ, नाहीतर घरीच बस. रात्रीच्या गाडीनं गेलास तर सकाळी पोचशील. विकणाऱ्याला स्टेशनवरून फोन करू नकोस, त्याच्या बिल्डिंगखाली उभा राहिल्यावर कर.